प्रात्यक्षिक क्रमांक सहा

१

हुपरीकर सरांचं तीन वर्षांचं संशोधन नाहीसं झाल्याचं कळलं, तेव्हा पाहुण्यांचा चहा अजून अर्धाच पिऊन झाला होता.

सोमवार, सव्वीस मार्च दोन हजार एक. लोणी काळभोरच्या थोडं अलीकडे, उसाच्या फडांत उभ्या राहिलेल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात बंगळूरहून कंपनीची तीन माणसं आली होती. संगणक विभागाचे प्रमुख डॉ. श्रीनिवास हुपरीकर त्यांना आपला प्रोग्राम दाखवणार होते. नेटवर्कमध्ये कोण चोरून शिरतंय हे आपोआप पकडणारा प्रोग्राम. त्याच्या जोरावर कॉलेजचे संस्थापक रंगरावअण्णांनी त्यांना नव्या आयटी संस्थेच्या संचालकाची खुर्ची कबूल केली होती. अण्णा स्वतः शेजारी बसले होते. सरांनी सर्व्हरवरचं आपलं फोल्डर उघडलं आणि ते रिकामं निघालं. बॅकअपची टेप लावली, तर तीही कोरी.

सर्व्हरवर कोण कधी आलं आणि त्याने काय केलं, याची नोंद आपोआप होत असते. तिला लॉग म्हणतात. सरांनी शेवटच्या वर्षातल्या सगळ्यात हुशार मुलाला, अभिनवला, बोलावून सगळ्यांदेखत तो लॉग वाचायला लावला. अभिनवने वाचला, मग थांबला, मग पुन्हा वाचला. गुरुवार पंधरा मार्च, सकाळी अकरा बेचाळीस. लॅबमधलं मशीन क्रमांक चौदा. विद्यार्थी धम्मदीप ओव्हाळ. फोल्डर पुसलं.

लॅबचं हजेरीचं रजिस्टर आणवलं. गुरुवार पंधरा, अकरा ते एक, प्रात्यक्षिक क्रमांक सहा. मशीन चौदा, धम्मदीप ओव्हाळ, हजर. खाली हुपरीकर सरांची सही.

दुपारपर्यंत फळ्यावर नोटीस लागली. धम्मदीप निलंबित, शनिवारी चौकशी, दोषी ठरल्यास कॉलेजातून काढून टाकण्यात येईल. शेवटच्या परीक्षेला सात आठवडे उरले होते.

खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टर्समधून त्याच्या आईने, सुंदराबाईंनी, शेजारच्या फोनवरून मुलीला हे कळवलं. चैताली त्याची थोरली बहीण. पुण्यातल्या एका कंपनीत चारशे मशीनचं नेटवर्क तिच्या जिवावर चालायचं. आई रडत रडत बोलत होती आणि चैताली नुसतं "हं" म्हणत होती. हुपरीकर हे नाव आलं तशी तिने खुर्ची ओढली आणि खाली बसली.

भावाची काळजी वाटायच्या आधी तिला आनंद झाला. ही गोष्ट तिने पुढे कधीही कुणाला सांगितली नाही.

२

सहा वर्षांपूर्वी चैताली त्याच कॉलेजात, त्याच लॅबमध्ये होती. तोंडी परीक्षेत हुपरीकरांनी तिची जर्नल उघडली, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, आणि सहाव्या प्रात्यक्षिकावर बोट ठेवलं. एका मशीनवरून दुसऱ्यावर दहा संदेश पाठवायचे आणि प्रत्येक किती वेळात परत येतो ते लिहायचं, एवढंच ते प्रात्यक्षिक. चैतालीच्या वहीत तिसरा आणि सातवा संदेश हरवलेला होता. सर म्हणाले, "असं होत नाही." ती म्हणाली, "सर, तसंच झालं. केबलचा जोड सैल होता." सरांनी बाहेरच्या परीक्षकांकडे पाहून स्मित केलं. "सवलतीच्या दारातून आलेल्यांनी निदान आकडे तरी पुस्तकातले लिहावेत."

तिला काठावर पास केलं. मुंबईच्या कंपनीने देऊ केलेली नोकरी तोंडी परीक्षेचे गुण पाहून काढून घेतली. त्यानंतर वर्षभर ती शिकवण्या करत होती. त्या वर्षात तिने हुपरीकरांना ऐकवायचं एक वाक्य तयार केलं, आणि सहा वर्षं ते घासूनपुसून लखलखीत ठेवलं होतं.

"तूच केलंस का?" त्या रात्री खडकीच्या घरी जेवताना तिने धम्मदीपला सरळ विचारलं.

"नाही."

"गुरुवारी अकरा बेचाळीसला कुठे होतास?"

"लॅबमध्ये. रजिस्टरमध्ये आहे की." त्याने नजर ताटावरून उचलली नाही.

"चौदा नंबरवर?"

"हो."

"मग तुझ्या मशीनवरून दुसऱ्या कुणी केलं?"

"ताई, मला माहीत नाही. आपण उद्या बोलू का?"

वडील, सीताराम, दाराशी उभे राहून ऐकत होते. फॅक्टरीत तीस वर्षं काढलेला माणूस, एकही मेमो नाही. चैतालीने भावाला लहानपणापासून पाहिलं होतं. खोटं बोलताना तो पोळीचे बारीक तुकडे करत बसायचा. आताही त्याच्या ताटात चिमण्यांना घालावेत तसे तुकडे पडले होते.

धम्मदीप खोटं बोलत होता.

३

बहीण म्हणून बाजू मांडायची परवानगी रंगरावअण्णांनी फोनवरच दिली. "या की. ऐकून घेऊ," एवढंच म्हणाले. बुधवारी सकाळी चैताली लॅबमध्ये गेली.

लॅब दुसऱ्या मजल्यावर आणि सर्व्हर तळमजल्यावर, हुपरीकरांच्या केबिनला लागून. तळमजल्यावर गालिचा, एसी आणि जनरेटर. वरती वीस मशीन आणि दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. लॅब सांभाळणारा कोंडीराम तिला बघून उठून उभा राहिला. तिच्या वेळेपासून तोच होता.

"ताई, धमूनं न्हाय केलं. माझ्या पोराची आन घेऊन सांगतो."

"मला ठाऊक आहे, मामा. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"सायबांकडं. माझ्याकडं, चालू-बंद करायपुरता. आन् अभिनवकडं. सायबांची सगळी कामं त्योच करतो न्हवं."

तिघं. लॉग म्हणजे सर्व्हरवर पडलेली साधी लिहिलेली पानं. मुख्य पासवर्ड असला की ती वहीसारखी उघडून त्यात हवं ते लिहिता येतं, हे नेटवर्क शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. बाकीच्या जगाला वाटतं, मशीनने लिहिलंय म्हणजे ब्रह्मवाक्य.

कपाटावर कागदांचा मोठा ढीग होता. "हे काय?"

"सोमवारी सोमवारी छापतो. सर्व्हरवर कुनाचं किती सामान हाय त्याची यादी. लई वर्सांमागं एक सर म्हनले व्हते छापत जा. ते सर गेले. थांब असं कुनी म्हनलंच न्हाय."

चैतालीने हसू दाबलं आणि बारा मार्चचा कागद काढला. गुन्ह्याच्या तीन दिवस आधीचा. यादीत तिने हुपरीकरांची ओळ शोधली. मग मागचा महिना पाहिला, मागचं वर्ष पाहिलं. कागदांच्या घड्या करून तिने पर्समध्ये ठेवल्या. काय सापडलं, ते तिने कोंडीरामला सांगितलं नाही.

पण तेवढ्याने भाऊ सुटत नव्हता. लॉग खोटा आहे हे दाखवायला हवं होतं, आणि तो कुणी लिहिला हेही. हुपरीकरच असावेत असं तिला मनापासून वाटत होतं, म्हणूनच तिने स्वतःला दरडावलं. आपल्याला हवा तो चोर शोधणं सोपं असतं. ती आधी अभिनवकडे गेली.

अभिनव कॅन्टीनमध्ये एकटा बसला होता. केसांना जेल, समोर अमेरिकेतल्या विद्यापीठांचे फॉर्म.

"मॅडम, मला माहितीय तुम्ही काय विचारणार. कॅम्पसच्या शॉर्टलिस्टवर आम्ही दोघंच होतो, मी आणि धम्मदीप. तो गेला की मी. मोटिव्ह एकदम परफेक्ट आहे."

"आणि पासवर्डही आहे."

"आहे ना. पण मी केलं असतं तर गुरुवार अकरा बेचाळीस लिहिलं असतं का?" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"का? त्या वेळेत काय वाईट आहे?"

त्याने फॉर्म गोळा केले. "मॅडम, प्लीज. हे मी बोललो नाही. धम्मदीपलाच विचारा." आणि अर्धा चहा तसाच टाकून तो निघून गेला.

४

धम्मदीपला विचारून फायदा नव्हता. चैताली निकिताकडे गेली. ही त्याच्याच बॅचची, हडपसरच्या हॉस्टेलवर राहणारी, नागपूरकडची मुलगी. चैतालीने तिला त्या गुरुवारचं काहीच विचारलं नाही. नुसती म्हणाली, "जर्नल दाखवशील? आमच्या वेळी काय होतं आणि आता काय आहे, बघते जरा."

निकिताने आपली दिली, वर खोलीतल्या दोन मैत्रिणींच्याही दिल्या. चैतालीने तिन्ही वह्यांत प्रात्यक्षिक सहा काढलं. दिनांक पंधरा मार्च. दहा संदेश. तिन्ही वह्यांत आकडे एकच, शेवटच्या दशांशापर्यंत. आणि तिन्ही वह्यांत तिसरा आणि सातवा संदेश हरवलेला.

चैतालीने आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. ती सैल जोडाची केबल कॉलेजने केव्हाच काढून टाकली होती. आताच्या तारांवर हे आकडे येणं शक्यच नव्हतं. ते तिचे आकडे होते. खोटे म्हणून तिचं वर्ष खाल्लेले.

"हे कुठून उतरवलं?"

निकिता लाजली. "कोंडीराममामांकडे एक जुनी जर्नल आहे. अक्षर छान आहे म्हणून सगळ्या बॅच तीच उतरवतात. सरांनी कधीच काही म्हटलं नाही. ते बघतच नाहीत, शनिवारी एका बैठकीत सह्या करतात."

"म्हणजे प्रात्यक्षिक सहा तुम्ही केलंच नाही."

"कसं करणार दीदी? लाइटच नव्हती." निकिताने दाराकडे पाहून आवाज खाली केला. "पंधरा तारखेला सकाळपासून लाइट गेली होती. दुपारी दोनपर्यंत. आम्ही वीसच्या वीस जण नाक्यावर मिसळ खायला गेलो, धम्मदीप, अभिनव, सगळे. मामांनी लॅबला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टर भरलं आणि आम्ही सह्या केल्या. हे नेहमीचंच आहे. प्रात्यक्षिकं कमी भरली तर विद्यापीठ टर्म देत नाही ना, परीक्षेलाच बसता येत नाही."

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. अकरा बेचाळीसला मशीन चौदा म्हणजे नुसता थंड डबा होता. आणि ही गोष्ट वीस मुलांना आणि कोंडीरामला, एकवीस माणसांना ठाऊक होती. त्यांच्यापैकी कुणीही लॉगमध्ये ती वेळ लिहिली नसती.

लिहिणारा बाविसावा होता.

५

"मला माहीत होतं," धम्मदीप म्हणाला. खडकी स्टेशनच्या पुलावर दोघं उभी होती, घरात आईसमोर बोलायला नको म्हणून. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"आणि गप्प बसलास? तुला काढून टाकतायत, कळतंय का?"

"लाइट नव्हती म्हटलं की रजिस्टर खोटं ठरतं. रजिस्टर खोटं ठरलं की वीस जणांची टर्म जाते. आणि ते भरलं कुणी? कोंडीराममामांनी. अक्षर त्यांचं आहे. त्यांना दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला."

"जाऊ दे त्यांची नोकरी. तुझं काय?"

"ताई, कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला कुणी मशीनला हात लावू देत नव्हतं. मामांनी किल्ली दिली. मी जे काही शिकलो ते त्या किल्लीमुळे." तो तिच्याकडे वळला. "आणि एक विचारू? तू माझ्यासाठी लढतेयस की तुझ्यासाठी?"

"दोन्हीत फरक काय?"

"फरक मामांना पडणार आहे."

चैतालीला त्याचा राग आला. तिला हुपरीकर मातीत गेलेला बघायचा होता. विद्यापीठाकडे तक्रार, वर्तमानपत्रात बातमी, विभागाला टाळं, सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. त्या आगीत सुक्याबरोबर ओलं जळलं तर जळू दे, असंही तिने ठरवलं होतं. आता हा पुलावर उभा राहून तिला कोंडीरामचं उरलेलं आयुष्य मोजून दाखवत होता.

दोन दिवस तिने लोणीच्या वीज कचेरीत घालवले. तिथले कारकून ज्ञानदेव यांनी आधी अर्ज मागितला, मग अर्जाचं कारण मागितलं, मग जेवायला गेले. शुक्रवारी संध्याकाळी शिक्क्याचं पत्र हातात पडलं. ते घेऊन ती घरी आली आणि धम्मदीपला म्हणाली, "मामांना काही होणार नाही. शब्द देते." कसं होऊ द्यायचं नाही, ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं.

६

शनिवारी चौकशी रंगरावअण्णांच्या खोलीत झाली. अण्णा मधोमध, उजवीकडे हुपरीकर, डावीकडे धम्मदीप. दाराशी हाताची घडी घालून कोंडीराम. हुपरीकर शांत होते, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं.

"लॉग समोर आहे, रजिस्टर समोर आहे," ते म्हणाले. "मुलाचं आयुष्य आहे म्हणून वाईट वाटतं. पण पुरावा तो पुरावा."

"सर, रजिस्टर बरोबर आहे ना?" चैतालीने विचारलं.

"अर्थात."

"नाही, विद्यापीठाला दाखवायचं असतं, म्हणून विचारलं. पंधरा तारखेचं प्रात्यक्षिक झालं?"

"माझी सही आहे त्यावर."

"आपण स्वतः लॅबमध्ये होतात?"

हुपरीकरांनी अण्णांकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर न पाहता सही केली असं होत होतं. "होतो. पूर्ण वेळ. मुलं मशीनवर काम करत होती. हा चौदा नंबरवर होता, मी डोळ्यांनी पाहिलाय."

चैतालीने पत्र अण्णांपुढे ठेवलं. गुरुवार पंधरा मार्च, देखभालीसाठी सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन या भागाचा वीजपुरवठा पूर्ण बंद.

"अण्णा, जनरेटर फक्त तळमजल्यावर आहे. सरांच्या केबिनमध्ये वीज गेल्याचं कळतसुद्धा नाही. वर लॅबला कुलूप होतं. मशीन चौदा चालूच नव्हतं, तर त्यावरून फोल्डर पुसलं कसं?"

हुपरीकरांनी घसा साफ केला. "मग रजिस्टर या कोंडीरामने परस्पर भरलं असणार. ही माणसं असंच करतात."

"व्हय, मीच भरलं," कोंडीराम दारातून म्हणाला. "धा वर्सं भरतोय. सही आपली हाय सायेब."

"बरोबर, मामांनी भरलं," चैताली म्हणाली. "म्हणून ते खोटं आहे हे मामांना ठाऊक होतं. अभिनवला ठाऊक होतं. सगळ्या बॅचला ठाऊक होतं. ज्याने लॉगमध्ये अकरा बेचाळीस लिहिलं, त्याला मात्र ते खरं वाटलं. मुलगा कोणत्या वेळी कोणत्या मशीनवर होता, हे त्याने रजिस्टर उघडून पाहिलं आणि तसंच उतरवलं. पासवर्ड तिघांकडे आहे. त्या तिघांत, लॅबची पायरी कधी चढत नाही आणि रजिस्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो असा माणूस एकच आहे."

"कशासाठी करीन मी?" हुपरीकरांचा आवाज चढला. "माझं तीन वर्षांचं काम गेलंय."

तिने पर्समधून घड्या केलेले कागद काढले. "हे दर सोमवारचे कागद. सर्व्हरवर कुणी किती जागा व्यापली आहे ते. सरांच्या नावावर मागच्या वर्षी चाळीस केबी. या जानेवारीत चाळीस. पुसण्याच्या तीन दिवस आधीही चाळीसच. अण्णा, चाळीस केबीत एक अर्ज आणि एक बायोडेटा मावतो. तीन वर्षांचा प्रोग्राम मावत नाही. पाहुणे येणार होते आणि दाखवायला काही नव्हतं. मग चोरी झालेली बरी."

रंगरावअण्णांनी वीज कचेरीचं पत्र पुन्हा वाचलं, मग ते कागद वाचले.

"पोराला घेऊन बाहेर जा रं कोंडीराम," ते म्हणाले. "दार लाव."

७

"बाई, आता तुमी सांगा," अण्णा म्हणाले. "पेपरात द्यायचं असंल तर द्या. पर मग रजिस्टर बी निघंल. वीस पोरं हाईत."

चैताली सहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहत होती तो हाच होता. समोर हुपरीकर बसले होते. कपाळावर घाम होता. तिने कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"लिहा, सर. मी सांगते तसं."

तिने सावकाश, शिक्षकाने शुद्धलेखन घालावं तसं सांगितलं. प्रोग्राम कधी अस्तित्वात नव्हता. लॉग मी माझ्या हाताने बदलला. रजिस्टर भरण्याची पद्धत माझ्या परवानगीने चालू होती. त्यात विद्यार्थ्यांचा किंवा श्री. कोंडीराम यांचा दोष नाही. राहिलेली प्रात्यक्षिकं एप्रिलमध्ये खरोखर करून घ्यावीत. मी राजीनामा देत आहे. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. त्यांचा आवाज दोनदा अडकला. तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

"धम्मदीपच का?" तिने विचारलं.

हुपरीकरांनी पेन खाली ठेवलं. "यादीत वीस नावं होती. कुणाचे वडील वकील, कुणाचे नगरसेवक. याचे फॅक्टरीत कामगार. म्हटलं, फारशी ओरड होणार नाही." मग त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. "आपण फार हुशार आहात. कुठे शिकलात?"

चैतालीला वाटलं, ते टोमणा मारतायत. पण त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, साधी चौकशी होती. तिचा चेहरा, तिचं आडनाव, ती तोंडी परीक्षा, कशाचाही मागमूस नव्हता. ते वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिच्या लक्षात आलं, की ते बोलायचं तर आधी आपण कोण ते सांगावं लागेल. कोणत्या वर्षी, कोणत्या बाकावर, कोणत्या कपड्यांत. मग ते आठवायचा प्रयत्न करतील आणि सौजन्य म्हणून मान हलवतील.

"पुण्यातच," ती म्हणाली. "सही करा. तारीख घाला."

पत्र अण्णांच्या हातात देऊन ती बाहेर आली. कोंडीराम भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. धम्मदीप धावत आला आणि तिने काही सांगायच्या आत तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं. त्याने तिचे दोन्ही हात धरले. कॉलेजात आल्यापासून त्याने असं कधी केलं नव्हतं.

"आणि ताई, ते?" त्याने हळूच विचारलं. घरात सगळ्यांना ते वाक्य पाठ होतं. "बोललीस त्याला?"

"बोलले."

"मग? काय म्हणाला?"

चैतालीने गाडीची किल्ली शोधायला पर्समध्ये मान घातली.

"काय म्हणणार," ती म्हणाली. "मान खाली घातली."

धम्मदीप हसला. आईला सांगायचं म्हणून तो फोन करायला कॅन्टीनकडे पळाला.